दोनातून सात

वनमाला खरात आणि माझी ओळख भांडणातून झाली, आणि आधीच सांगते, सुरुवात तिने केली. भांडुपच्या एकाच मराठी शाळेत आम्ही दोघी शिक्षिका. मी, जया घाडी, तळमजल्यावर चौथीला शिकवायचे आणि ती वरच्या मजल्यावर सहावीला गणित. मी नुकतीच लागले होते. मधल्या सुट्टीत डबा उघडला, जवळ्याचा वास वर्गभर पसरला, आणि वर बघते तर ही बाई दारात उभी. हातात खडू आणि कपाळावर ही आठी.

"घाडीबाई, दोनातून सात जात नाहीत असं तुम्ही शिकवता?"

"हो. मग काय जातात?"

"जातात!" ती एवढ्याने ओरडली की व्हरांड्यातली पोरं डबे टाकून बघायला आली. "कोण म्हणतं जात नाहीत? तुम्ही हे पोरांच्या डोक्यात भरून वर पाठवता आणि मला वर्षभर खरवडत बसावं लागतं."

शाळा विसरलेल्यांसाठी सांगते. बत्तिसातून सतरा वजा करायचे. दोनातून सात जात नाहीत, म्हणून शेजारच्याकडून दहा उसने घ्यायचे, दोनाचे बारा करायचे, मग बारातून सात गेले की पाच. असंच आम्हाला शिकवलं, असंच मी शिकवलं. सहावीत गेल्यावर पोरांना कळतं की शून्याच्या खालीही आकडे असतात, ऋण संख्या म्हणतात त्यांना, आणि दोनातून सात गेले की उणे पाच उरतात. पण ते सहावीत! चौथीच्या पोराला, ज्याला अजून नाक पुसता येत नाही, त्याला मी उणे पाच कुठून दाखवू?

"तुमचं ते उणे-बिणे वरच्या मजल्यावर," मी म्हटलं. "खाली माझं राज्य आहे." आणि डब्याचं झाकण धाडकन लावलं.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. मी पदर खोचून तयारच होते. तर तिने आपला डबा उघडला, भाकरी आणि ठेचा, आणि माझ्या शेजारी बसत म्हणाली, "कालचा तो जवळा आहे का गं?" झालं. त्या दिवसापासून आम्ही रिटायर होईपर्यंत एकत्र जेवलो आणि रोज भांडलो.

ती जालन्याकडची. वडील रस्त्याच्या कामावर मुंबईत आले आणि भांडुपच्या टेकडीवर झोपडं बांधून राहिले. लहानपणी तिने मास्तरांना विचारलं होतं, दोनातून सात काढलेच तर काय होईल? मास्तरांनी तिला बाकावर उभं केलं. तासभर उभी राहिली आणि तिथे उभ्या उभ्याच ठरवलं, की हे शोधून काढायचं. मला हे तिने कितीदा सांगितलं असेल, पण दरवेळी तिचे डोळे तेवढेच तापायचे. शेवटी बी.एस्सी. झाली, गणित घेऊन. तिच्या वस्तीतली पहिली.

शिकवायची तिची रीत वेगळी होती. वरच्या व्हरांड्यातली एक फरशी तिने लाल रंगाने रंगवली होती, ते शून्य. एका बाजूच्या फरश्या अधिक, दुसऱ्या बाजूच्या उणे. पोराला अधिककडे तोंड करून उभं करायची आणि चालायला लावायची. वजा म्हटलं की तोंड फिरव. आकडा उणे असेल तर उलट्या पावलांनी चाल. उणे दोन वजा उणे तीन म्हटलं की पोर उणे दोनवर उभं राहायचं, तोंड फिरवायचं, तीन पावलं उलटी टाकायचं आणि बघतं तर स्वारी अधिक एकवर! पोरं हसून लोळायची. कुणी ना कुणी दरवर्षी विचारायचंच, "बाई, शून्याच्या खाली काय असतं?" तेव्हा तिचा आवाज एकदम मऊ व्हायचा, तरी खाली माझ्या वर्गात ऐकू यायचा. "वर जेवढं आहे ना, तेवढंच सगळं खाली असतं. एकही आकडा कमी नाही. घाबरायचं नाही, चालत जायचं."

तशी काही देवमाणूस नव्हती हं. पेपर तपासताना अर्ध्या मार्कासाठी जीव घेईल. कौतुक करायचं म्हणजे तिच्या जिवावर यायचं. नवरा जयवंत गेला तेव्हा मी आठवडाभर तिच्याकडे झोपायला गेले, तर तेरावं-बिरावं आमच्यात नसतं हे मला रोज ऐकवायची आणि वर माझ्या चहात साखर जास्त म्हणून तोंड वाकडं करायची. सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही.

रिटायर झाल्यावर मुलगा नितेश म्हणाला, "आई, बोरीवलीला ये आमच्याकडे." ही कसली जाते! तिने आमच्या गल्लीच्या टोकाच्या बुद्धविहारात दुपारचा क्लास सुरू केला. फुकट. सहावी-सातवीची पोरं. तिथेही एक फरशी लाल रंगवली. विहाराच्या कमिटीचे अण्णा तावातावाने आले, तर म्हणाली, "विहार शिकायसाठीच आहे ना? मग शिकू दे." अण्णा आले तसे गेले. खिडकीकडची बाजू अधिक, दाराकडची, जिथे पोरं चपला काढतात, ती उणे. विहारातली पोरं उणे चारला 'चपलांपाशी' म्हणायची. मी रोज जाऊन मागे बसायचे. कामधंदा काय मला? तिला टोमणे मारायचे आणि येताना दोघींनी मिळून भाजी घ्यायची.

आणि मागच्या पावसाळ्यानंतर एका दुपारी, तेच उदाहरण. उणे दोन वजा उणे तीन. कुणीतरी चुकलं म्हणून ती स्वतः दाखवायला उठली. उणे दोनवर उभी राहिली. तोंड फिरवलं. थांबली. परत फिरवलं. खिडकीकडे बघितलं, दाराकडे बघितलं. पोरं हसायला लागली. त्यांना वाटलं बाई मुद्दाम गंमत करतायत, परीक्षा घेतायत. पण मी तिचा चेहरा बघत होते. ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "जया, चपला कुठल्या बाजूला असतात गं?"

चपला समोरच पडलेल्या होत्या. मी उठले, तिचा हात धरला आणि पोरांना म्हटलं, "बाईंना चक्कर आलीय, पळा घरी."

मग एकेक बाहेर पडायला लागलं. दूध उतू जायचं, ते माझंही जातं, पण हिचा गॅस नुसताच चालू राहिलेला मी दोनदा पकडला, ज्योत विझलेली आणि घरभर वास. भाजीवाल्याकडून निघाली आणि भलत्याच गल्लीत वळली, जिथे ती जन्मभर राहिली त्या भांडुपमध्ये! मी नितेशला कळवलं. मला कळवायलाच पाहिजे होतं, तिला आवडो न आवडो.

नितेश अंधेरीला विमानतळावर मालाच्या विभागात कामाला. सुट्टी टाकून आला. पोरगा चांगला आहे, पण आईसारखाच, तोंडावर बोलणारा. "आई, बस झालं. क्लास बंद. माझ्याकडे चल."

"मला काय झालंय?"

"गॅस चालू ठेवतेस तू! एक दिवस अख्खी बिल्डिंग उडवशील!"

"मग गॅस काढून टाक. क्लासचा काय संबंध?" तिचा आवाज फाटला. "नितेश, ती पोरं सोडून माझ्याकडे दुसरं काय आहे रे?"

शेवटी ठरलं असं, की मुलुंडला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायचं. डॉक्टर ठीक म्हणाले तर ती इथे राहील, क्लास चालू राहील, नितेश एक बाई कामाला ठेवून देईल. नाही म्हणाले तर बोरीवली. तिने मान्य केलं. मला म्हणाली, "परीक्षाच आहे ना? दिली मी."

आणि मग आम्ही दोघींनी काय केलं असेल? तीस-तीस वर्षं मास्तरकी केलेल्या बायका आम्ही. आम्ही अभ्यास केला! माझी भाची रश्मी नर्स आहे, तिला मी गोड बोलून विचारलं, असल्या तपासणीत काय विचारतात गं? तिने भाबडेपणाने सगळं सांगितलं. वार, तारीख, महिना. तीन शब्द सांगतात आणि नंतर परत विचारतात. घड्याळ काढायला लावतात. आणि शंभरातून सात वजा करत जायचं. पेपर फुटला म्हणा ना. रोज संध्याकाळी तिच्या ओट्याशी बसून मी घोकून घ्यायचे. वाराला ती अडखळायची, मी हातावर चापट मारायचे. घड्याळाचे काटे चुकायचे, परत काढायला लावायचे. पण शंभरातून सात म्हटलं की नुसती सुटायची. "त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट..."

"पुरे गं, रश्मी म्हणते पासष्टला थांबवतात."

"त्यांना थांबू दे. मी कशाला थांबू?" आणि दोनापर्यंत येऊन, माझ्याकडे बोट रोखून, मला डिवचत म्हणायची, "उणे पाच! उणे बारा! जातात की नाही, घाडीबाई?"

"जातात, मेरे बाप, जातात!" मी हात जोडायचे. मला वाटायचं, जिला हे येतं तिला काय झालंय? काही नाही झालेलं. वय झालंय, बस.

मुलुंडला गेलो त्या दिवशी सकाळीच मी फोनवर तारीख आणि वार तिच्याकडून वदवून घेतला. डॉक्टर तरुण होते, मराठी बोलणारे, शांत. नितेश एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. वार बरोबर. तारीख बरोबर. घड्याळ झकास काढलं, मी शिकवलं तसं. तीन शब्दांतला एक विसरली, तर म्हणाली, "तिसरा मधल्या सुट्टीनंतर सांगते." डॉक्टर हसले. मीही हसले. टेबलाखाली मी बोटं एकमेकांत घट्ट अडकवून बसले होते.

"आता शेवटचं. शंभरातून सात वजा करा. जे उरेल त्यातून परत सात. असं करत चला."

"त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी. बहात्तर. पासष्ट."

"छान! बस."

"नाही नाही, उदाहरण अर्धवट सोडत नाही मी." तिने मान ताठ केली. "अठ्ठावन्न. एक्कावन्न. चव्वेचाळीस. सदतीस. तीस. तेवीस. सोळा. नऊ. दोन."

आणि थांबली.

मी तिच्या बोटाची वाट बघत होते. आता माझ्याकडे रोखेल, आता म्हणेल. तिने स्वतःच्या तळहातांकडे बघितलं. मग डॉक्टरांकडे बघून, खूप समजूतदारपणे, म्हणाली, "आता नाही. दोनातून सात जात नाहीत."

"अगदी बरोबर!" डॉक्टर म्हणाले. त्यांच्या दृष्टीने सगळे मार्क आधीच पासष्टला मिळाले होते. "वयाच्या मानाने चांगलं आहे. थोडं विसरायला होतंच. क्लास चालू ठेवा, उलट बरंच आहे ते." नितेशने एवढा मोठा श्वास सोडला. कित्येक महिन्यांनी त्याला हसताना बघितलं. आणि वनमाला माझ्याकडे बघत होती, पास झालेल्या पोरीच्या तोंडाने.

मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "वनमाला, जातात."

"नाही हो बाई," ती म्हणाली. मला! अहो-जाहो करून! "शेजारी कोणी असेल तर दहा उसने घ्यायचे. इथे शेजारीच कोणी नाही."

माझेच शब्द. चौथीच्या वर्गातले. तिने जन्मभर ज्यांच्याशी वैर केलं ते.

त्या खोलीत हे फक्त मला कळलं होतं. गप्प बसले असते तर सगळं आम्हाला हवं तसं झालं असतं. ती माझ्या गल्लीत राहिली असती, दुपारी विहार, संध्याकाळी भाजी. मला तिच्याशिवाय कोण आहे? नवरा नाही, मूल नाही. देवाशप्पथ, मी तोंड मिटून बसायला तयार होते. पण डोळ्यांसमोर तो विझलेला गॅस आला. आणि चपला कुठल्या बाजूला, म्हणून विचारणारा तिचा चेहरा.

"डॉक्टर," मी म्हटलं, "ती चुकली."

"कुठे? सगळी उत्तरं बरोबर आहेत."

"शेवटचं चुकलं. ही सहावीला ऋण संख्या शिकवते. आयुष्यभर तेच शिकवलंय. कालपर्यंत उणे बारापर्यंत जात होती. आणि बाकीचं..." मी तिच्याकडे न बघता बोलले. "बाकीचं आम्ही पाठ करून आलोय. मी घोकून घेतलंय तिच्याकडून."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. रागावले नाहीत. त्यांनी दुसरे शब्द दिले, दुसरे आकडे दिले, आम्ही न घोकलेलं साधंच काहीतरी विचारलं, घरापासून विहारापर्यंत कसं जायचं वगैरे. ती चाचपडायला लागली. मग माझ्याकडे बघायला लागली, कॉपी करणारी पोरं बघतात तसं. मी खाली मान घातली. मग डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढायला सांगितला, गोळ्या लिहून दिल्या, आणि एकटं ठेवू नका म्हणाले.

नितेश गाडीपाशी माझ्यावर उखडला. "जयामावशी, तुम्ही पाठ करून घेत होता? कळतं का तुम्हाला, आज ते ठीक म्हणाले असते तर काय झालं असतं?" मी म्हटलं, "कळलं म्हणूनच बोलले ना!" आणि रस्त्यातच रडायला लागले. त्याचेही डोळे भरले. वनमाला मागच्या सीटवर जाऊन बसली होती. मी शेजारी बसले तेव्हा खिडकीबाहेर बघत एकदम शुद्धीत म्हणाली, "आधी पेपर फोडलास. आणि मग सुपरवायझरला जाऊन सांगितलंस."

ते खरंच होतं.

नितेशच्या मुलीची वार्षिक परीक्षा संपेपर्यंत बाई ठेवून तिला इथेच राहू दिलं, मग बोरीवली, असं ठरलं. क्लास माझ्या गळ्यात पडला. अण्णा म्हणाले, तुम्ही घ्या. मी म्हटलं, अहो, मी चौथीची बाई! पण पोरं यायचीच, दाराशी चपला काढून बसायचीच. मग घेतला. रात्र रात्र सहावीचं पुस्तक वाचलं. माझं तोंड फिरवायचं की पाय, यात गोंधळ व्हायचा आणि पोरं मला दुरुस्त करायची. वनमालाला मी रोज हाताला धरून आणायचे. तिचा राग गेला होता, की राग कशाचा तेच गेलं होतं, देव जाणे. ती खुर्चीवर बसायची नाही. पोरांच्या रांगेत सतरंजीवर मांडी घालून बसायची.

बोरीवलीला जायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. बॅगा भरलेल्या होत्या. मी मुद्दाम तेच उदाहरण घेतलं, दोन वजा सात. पहिल्या रांगेतलं एक कार्टं म्हणालंच, "बाई, दोनातून सात जात नाहीत."

"जातात!" मी ओरडले. माझ्या तोंडून आवाज निघाला तो तिचाच. "कोण म्हणतं जात नाहीत?" मी दोनच्या फरशीवर उभी राहिले, तोंड दाराकडे फिरवलं आणि चालायला लागले. एक. लाल फरशी. मग उणे एक, उणे दोन, करत करत चपलांच्याही पुढे, उणे पाच. "आले का? पोचले का मी?"

पोरं हो हो करून ओरडली. आणि त्यांच्यात एक हात वर होता. सुरकुतलेला, बांगड्यांचा.

"बोल वनमाला," मी म्हटलं.

ती उभी राहिली. पोरं उभी राहतात तशी, हात बाजूला सरळ धरून. "बाई, शून्याच्या खाली काय असतं?"

पोरं हसली नाहीत. एकही नाही. मी उणे पाचवर, चपलांच्या ढिगापाशी उभी होते. उत्तर मला येत होतं. तीस वर्षं वरच्या मजल्यावरून ते माझ्या वर्गात ऐकू यायचं.

"वर जेवढं आहे ना," मी म्हटलं, "तेवढंच सगळं खाली असतं. एकही आकडा कमी नाही. घाबरायचं नाही, चालत जायचं."

तिने ऐकून घेतलं. थोडा वेळ विचार केला, पटल्यासारखी मान हलवली आणि सतरंजीवर बसली.

"मग पुढचं उदाहरण घ्या, बाई," ती म्हणाली.